वर्षभरात बघितलेल्या सिनेमांची नोंद कशी ठेवता?

खिडकीची_सीट:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारायचं होतं, आज मुहूर्त लागला. येत्या जानेवारीपासून मी जे काही सिनेमे बघेन त्यांची नीट नोंद ठेवायची असं ठरवलंय. थेटर, ओटीटी, टीव्ही, यूट्यूब, रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये लावलेला, सगळं धरून. कारण काय तर हल्ली बघणं भरपूर वाढलंय आणि लक्षात राहणं त्या मानाने काहीच नाही. परवा बहिणीने फोनवर विचारलं, अगं तो धरणात गेलेल्या गावाचा सिनेमा आपण बघितला होता ना, शेवटी तो म्हातारा परत जातो का गं? मला ना नाव आठवलं ना शेवट. पाण्यातून वर आलेला देवळाचा कळस आणि त्यावर बसलेला बगळा एवढंच डोळ्यासमोर. दोघींनी मिळून बराच वेळ शोधला, नाही सापडला. आणि तेव्हा तो मला फार आवडला होता हे मात्र पक्कं आठवतंय, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

लहानपणी दूरदर्शनवर शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी, एवढेच सिनेमे, आणि सोमवारी शाळेत डायलॉगसकट उजळणी व्हायची त्यामुळे विसरायचा प्रश्नच नव्हता. आता एक संपला की नावं सुद्धा धड वर जात नाहीत, कोपऱ्यात पुढचा सुरू व्हायला लागतो.

तर मला विचारायचंय की तुमच्यापैकी जे नोंद ठेवतात ते कशात ठेवतात, वहीत, ॲपवर की एक्सेलमध्ये? आणि लिहिता काय काय? नुसतं नाव आणि तारीख पुरते का? अर्धवट सोडलेला सिनेमा धरायचा का? परत बघितलेला धरायचा का? वेबसिरीजचं काय करता? स्टार द्यायचे की नाही? मी नाशिकला असते, महिन्यातून दोन-तीनदा थेटरला जाणं होतं, बाकी सगळं घरीच. फार किचकट पद्धत असेल तर माझ्याच्याने मार्चपर्यंतही निभणार नाही, तेव्हा सोपं पण उपयोगाचं असं काहीतरी सांगा.

तिकिटाचा_तुकडा:

छान धागा! जानेवारीची वाट अजिबात बघू नकोस, आज रात्री जो बघशील तिथूनच सुरू कर. वर्षाच्या मधूनच सुरू केलेली वही पण वहीच असते.

मी बऱ्याच वर्षांपासून वहीत लिहिते. साधी लाँगबुक, दोनशे पानी. डाव्या पानावर ठाम माहिती: तारीख, सिनेमाचं नाव, साल, दिग्दर्शक, भाषा, कुठे बघितला, कुणाबरोबर. उजव्या पानावर चार-पाच ओळी, आणि त्यात गोष्ट लिहायची नाही हा माझा कडक नियम आहे. गोष्ट नेटवर कुठेही मिळते. तू बगळा आणि कळस लिहिलंस ना, नेमकं तेच लिहायचं असतं. एक सीन, जसा दिसला तसा. कोण कुठे उभं होतं, उजेड कुठून येत होता, आवाज कसला होता. माझ्या वहीत संत तुकाराम (१९३६) समोर लिहिलंय की "जिजाई हातात वहाण घेऊन देवळात शिरते, थेट विठोबालाच जाब विचारायला. शेजारच्या आजींनी पदर तोंडाला लावला. आवाजात खरखर आहे पण दोन मिनिटांनी ती जाणवत नाही." एवढं वाचलं की मला ती दुपार, तो हॉल, त्या आजी सगळं लख्ख आठवतं. तिथे मी "अप्रतिम, नक्की बघा" असं लिहिलं असतं तर आज त्याचा शून्य उपयोग होता.

पुण्यात राहून या विषयावर लिहिताना पी. के. नायर यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. लॉ कॉलेज रोडवरचं आपलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं, ते ज्यांनी अक्षरशः डबा डबा गोळा करून उभं केलं ते नायर. राजा हरिश्चंद्रची जी काही रिळं आज शिल्लक आहेत ती त्यांनी मिळवलेली. हा माणूस अंधारात सिनेमा बघताना हातात छोटा टॉर्च आणि वही घेऊन बसायचा आणि लिहीत राहायचा. लहानपणी तिकिटांचे तुकडे जमवायचा. आणि पुढे कुठला सीन कितव्या रिळात आहे ते तोंडपाठ सांगायचा. त्यांच्यावर २०१२ साली सेल्युलॉइड मॅन नावाचा माहितीपट आला, शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा, तो मिळाला तर नोंदवहीची सुरुवात त्यानेच कर असं मी सुचवेन. (आपण थेटरात टॉर्च लावायचा नाही अर्थात, शेजारचे वैतागतील.)

तिकिटं चिकटवणार असशील तर एक सांगते. मल्टिप्लेक्सचं तिकीट थर्मल कागदावर असतं, त्यावर शाई नसतेच, उष्णतेने कागद काळा पडलेला असतो. दोन-तीन वर्षांत ते पांढरंफटक होतं, आणि प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये घातलं किंवा त्यावर सेलोटेप मारला तर आणखी लवकर. त्यामुळे आणल्या आणल्या फोटो काढ किंवा सरळ झेरॉक्स करून ती चिकटव. जुनी सिंगल स्क्रीनची गुलाबी-पिवळी पातळ तिकिटं मात्र माझ्याकडे अजून वाचता येतात, सीट नंबर पेनाने लिहिलेला असायचा तो सुद्धा.

अर्धवट सोडलेले मी मागच्या पानावर लिहिते, कुठे सोडला आणि का सोडला ते. त्यातले काही नंतर परत बघून आवडलेत. वेबसिरीज वहीत नाही, त्याला अंत नाही.

सहज_सुचलं:

वहीला +१. कुणाबरोबर बघितला हे लिहाच लिहा. आई गेल्यानंतर कळलं ते किती महत्त्वाचं असतं.

रकाना_क:

मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे गूगल शीटवाला. वहीला विरोध नाही, पण वहीत शोधता येत नाही हो! "मागच्या दोन वर्षांत मी मल्याळम किती बघितले" हे वहीला विचारून बघा.

माझी पद्धत सांगतो, सेटअप एकदाच करावा लागतो, मग रोजचं काम अर्ध्या मिनिटाचं. एक गूगल फॉर्म बनवला, त्यात प्रश्न असे की नाव, साल, दिग्दर्शक, भाषा, कुठे (थेटर / ओटीटी / टीव्ही / यूट्यूब / फेस्टिव्हल / इतर), पहिल्यांदा की परत, लांबी मिनिटांत, आणि शेवटी एक मोठा मोकळा चौकोन. त्या फॉर्मची लिंक मोबाइलच्या होम स्क्रीनवर टाकली. सिनेमा संपला की टपाटप भरायचं, ते आपोआप शीटमध्ये जाऊन बसतं, वेळेसकट. भाषा आणि कुठे हे ड्रॉपडाऊनच ठेवायचं, हाताने टाइप केलं की एकदा "मराठी" एकदा "मराठि" होतं आणि मग मोजताना दोन वेगळ्या भाषा दिसतात.

शीट बनवल्यावर सगळ्यात आधी फाइलमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन लोकेल, म्हणजे कुठल्या देशाच्या पद्धतीने तारखा धरायच्या ते, भारत करून घ्या. ते अमेरिका राहिलं तर ५/१ लिहिलं की पाच जानेवारी न होता एक मे होतं आणि १३/१ लिहिलं की ती तारीखच धरत नाही, नुसता मजकूर समजतो. माझ्या ओळखीतल्या एकीची अख्ख्या वर्षाची आकडेवारी यात विस्कटली होती. सालाचा रकाना पण सोडू नका. देवदास लिहिलंत तर १९५५ चा की २००२ चा? श्यामची आई म्हटलं तर अत्र्यांचा १९५३ चा की २०२३ मध्ये आलेला नवा? नाव आणि साल मिळून सिनेमा ओळखू येतो, नुसत्या नावाने नाही.

वर्षाच्या शेवटी पिव्होट टेबल (नोंदींचे गट पाडून आपोआप मोजणारी शीटमधली सोय) टाकलं की सगळं समोर येतं. कुठल्या महिन्यात किती, कुठल्या दशकातले किती, थेटरात किती. मला स्वतःला यातून जे कळलं ते असं की मी स्वतःला जुन्या सिनेमांचा भक्त समजत होतो आणि शीट म्हणत होती की नव्वद टक्के गेल्या पाच वर्षांतलं बघतोय. मग दर रविवारी १९८० च्या आधीचा एक असा नेम धरला आणि खरंच बघण्यात फरक पडला. बंगलोरला असल्यामुळे कन्नड पण त्याच कारणाने सुरू केले, रकाना रिकामा दिसत होता.

आणि असल्या याद्यांना कुणी रिकामटेकडेपणा म्हणत असेल तर त्यांना सांगा की आयएमडीबी ही सिनेमांच्या माहितीची साइट अशाच यादीतून उभी राहिलीय. कॉल नीडहॅम नावाचा इंग्लंडमधला मुलगा, बघितलेला सिनेमा कुठला आणि न बघितलेला कुठला यात गोंधळ व्हायला लागला म्हणून नोंदी ठेवायला लागला, त्या कॉम्प्युटरवर घातल्या, १९९० मध्ये यूजनेटवर (इंटरनेटवरचे जुन्या काळचे चर्चागट) इतरांच्या याद्यांशी जोडल्या, आणि १९९८ मध्ये ॲमेझॉनने ते सगळं विकत घेतलं.

शेवटची_रांग:

रकाना_क, पद्धत भारी आहे पण मला एक भीती वाटते, की मोजायला लागलं की माणूस मोजण्यासाठी बघायला लागतो. डिसेंबरमध्ये लोक शंभराचा आकडा गाठायला म्हणून सव्वा तासाचे सिनेमे शोधून शोधून बघतात, हे मी जवळून बघितलंय. दीडपट स्पीडने बघणारे पण आहेत. त्याला बघणं म्हणायचं का?

माझं मत, स्टार देऊ नका. साडेतीन आणि चारमध्ये फरक काय? मी कामावरून दमून आलेलो असताना दिलेले तीन आणि सुट्टीच्या दिवशी दिलेले तीन हे एक नसतात. स्टीव्हन सोडरबर्ग हा दिग्दर्शक दरवर्षी जानेवारीत मागच्या वर्षभरात काय काय बघितलं आणि वाचलं याची यादी त्याच्या साइटवर टाकतो. त्यात नुसत्या तारखा आणि नावं, मत एक शब्दाचं नाही. तरी ती यादी वाचायला मजा येते कारण एका माणसाचं अख्खं वर्ष त्यात दिसतं, एकच सिनेमा थोड्या थोड्या दिवसांनी परत आलेला दिसतो, आपण विचार करत बसतो की हा तेव्हा कशावर काम करत असेल. मला तेवढं पुरतं. तारीख, नाव, बस.

तिकिटाचा_तुकडा:

शेवटची_रांग, मोजण्यासाठी बघणं याबद्दल शंभर टक्के सहमत. पण स्टारबद्दल नाही. स्टार सिनेमाला नसतातच, ते त्या दिवशीच्या आपल्याला असतात. विशीत ज्याला मी पाच दिले होते त्याला आता अडीच दिले, सिनेमा तोच. त्या दोन आकड्यांच्या मधे माझी लग्नानंतरची सगळी वर्षं आहेत. आकडा लिहिला नसता तर मी आजही "हो हो, मला तो फार आवडतो" असंच म्हणत राहिले असते.

मांडवीकाठ:

मी गोव्याची, दर नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. २००४ पासून फेस्टिव्हल आमच्याकडेच असतो, त्यामुळे सुट्ट्या साठवून ठेवायच्या आणि आठवडाभर पणजीत ठाण मांडायचं हा आमच्या ग्रुपचा शिरस्ता. तिथे दिवसाला चार-पाच सिनेमे होतात आणि तिसऱ्या दिवसापर्यंत सगळे एकमेकांत मिसळतात, इराणी सिनेमातला मुलगा जॉर्जियन सिनेमातल्या घरात राहायला लागतो. त्यामुळे फेस्टिव्हलवाल्यांना माझा एकच सल्ला, पुढच्या सिनेमाच्या रांगेत उभं राहिल्यावर मागच्याचं लिहून टाकायचं. घरी जाऊन लिहीन म्हटलं की गेलंच. मी खिशात मावेल अशी डायरी ठेवते, आयनॉक्सच्या बाहेर रांगेत उभ्या उभ्या लिहिते, अक्षर वाकडं आलं तरी चालतं. कला अकादमीला जायची घाई असेल तर बसमध्ये.

फेस्टिव्हलला सिनेमाचं मूळ भाषेतलं नाव पण लिहून घ्या. तिथे इंग्रजी नावाने लागतो, वर्षा-दोन वर्षांनी ओटीटीवर वेगळ्याच नावाने येतो, आणि आपण तोच सिनेमा नवीन समजून लावतो. दिग्दर्शकाचं नाव आणि देश असला की शोधता येतो. खिडकीची_सीट, तुझा धरणाचा सिनेमा पण असाच कुठेतरी दुसऱ्या नावाने लपलेला असणार, भाषा आठवते का बघ.

आणखी एक, मी रांगेत शेजारच्याने काय सांगितलं ते पण लिहिते. गेल्या खेपेला केरळहून आलेले एक रिटायर्ड मास्तर होते, त्यांच्या डायरीत प्रत्येक सिनेमासमोर शेवटची फ्रेम काढलेली होती, पेन्सिलीने, काडेपेटीएवढ्या चौकोनात. शब्द नाहीतच. मला दाखवताना ते चौकोनावर बोट ठेवून अख्खा सिनेमा सांगत होते.

रंकाळ्याचा:

वाचतोय सगळं. आमच्या घरात हे प्रकरण जुनं आहे म्हणून लिहितो. वडिलांची वही आहे माझ्याकडे, कोल्हापूर, १९७० च्या सुमाराची, कॉलेजात असल्यापासून लिहिलेली. पुठ्ठा गेलाय, शाई तपकिरी झालीय, पण अक्षर मोत्यासारखं. त्यात रकाने पट्टीने आखलेत आणि ते वाचले की आजच्या ॲपवाल्यांनी काय काय सोडलंय ते कळतं बघा.

तारीख आणि वार. सिनेमा. टॉकीज, म्हणजे उमा, पद्मा, व्हीनस. शो, मॅटिनी का फर्स्ट का सेकंड, मॅटिनीला जुने लागायचे त्यामुळे तिथली नावं जुनी. मग वर्ग आणि दर. मग "बरोबर" असा रकाना, त्यात मित्रांची टोपणनावं. आणि शेवटचा रकाना "शेरा". शेरा एक-दोन ओळींचाच पण काय शेरे आहेत! "गाणी टेबल वाजवून झाली, मेसमध्ये मार बसता बसता राहिला." "इंटरव्हलला लाइट गेली, डोअरकीपरने हाफ तिकीट परत दिलं नाही." "उशीर, न्यूजरील चुकली." तेव्हा मेन पिक्चरच्या आधी सरकारी न्यूजरील दाखवायचेच, आणि ती चुकली याची सुद्धा नोंद केलीय माणसाने, कारण पुराची बातमी बघायची होती म्हणे.

पिंजरा (१९७२) पुढे शेरा नाही, नुसती रेघ मारलीय, आणि पुढच्या आठवड्यात परत तोच सिनेमा, परत रेघ. विचारलं तर म्हणाले काय लिहायचं सुचलं नाही.

या वहीवरून मला कळलं की आमच्या आईला पहिल्यांदा सिनेमाला कधी नेलं. "बरोबर" या रकान्यात टोपणनावं संपतात आणि एक दिवस नुसतं "सौ." असं येतं, दर एकदम बाल्कनीचा. त्यातली निम्मी टॉकीज आता बंद किंवा पाडलेली, तिथे मंगल कार्यालयं नि पार्किंग झालंय. माझ्या मुलाला मी ती वही घेऊन गावातून फिरवलाय, ही जागा, ही जागा करत.

तर ताई, टॉकीजचं नाव आणि तिकिटाचा दर लिहा. आज त्यात काही विशेष वाटत नाही. चाळीस वर्षांनी कुणीतरी ते वाचायला बसेल.

खिडकीची_सीट:

रंकाळ्याचा, तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला घरी. दराचा रकाना पक्का झाला. नाशिकला पण किती टॉकीज गेली, त्यांची नावं आमच्या पिढीनंतर कुणाला माहीत पण नसणार.

मांडवीकाठ, भाषा बहुतेक मल्याळम नाहीतर कन्नड, आणि सबटायटल पिवळी होती एवढं आठवतंय. बघते त्या दिशेने.

सगळ्यांचं वाचून असं ठरतंय की वही आणि शीट दोन्ही ठेवावं, शीटमध्ये कोरडी माहिती आणि वहीत सीन. स्टार नाही देणार, सध्यातरी. पण लेटरबॉक्सड या सिनेमे नोंदवायच्या ॲपबद्दल कुणीच बोललं नाही. भाची म्हणते मावशी सरळ त्यावर टाक, सगळं आयतं आहे. कुणी वापरतं का? जुने मराठी सिनेमे सापडतात का त्यावर?

सातासमुद्रापार:

मी वापरतो, न्यू जर्सीहून. न्यूझीलंडमधल्या दोघांनी २०११ मध्ये सुरू केलेलं ॲप आहे. डायरी छान आहे, तारीख मागची पण टाकता येते, परत बघितला असेल तर तशी खूण करता येते, अर्ध्यापासून पाचपर्यंत स्टार (नाही दिले तरी चालतं), पोस्टर आपोआप येतं त्यामुळे वर्षाचं पान दिसायला फार सुंदर दिसतं. फुकटात भागतं, सविस्तर आकडेवारी हवी असेल तर पैसे भरावे लागतात.

मराठीचं म्हणाल तर गाजलेले बरेचसे सापडतात पण ऐंशीच्या दशकातले कितीतरी नाहीत, किंवा असले तर पोस्टर नाही, कलाकारांची नावं अर्धी, साल चुकलेलं. पण लेटरबॉक्सडची माहिती टीएमडीबी नावाच्या साइटवरून येते आणि ती साइट कुणालाही भरता येते. खातं उघडायचं, सिनेमा घालायचा, मराठीतून देवनागरीत नाव आणि सारांश पण घालता येतो, मग थोड्या वेळाने तो लेटरबॉक्सडवर दिसायला लागतो. आम्ही इथले चार-पाच जण शनिवारी कॉलवर बसून हेच करतो, यूट्यूबवर सिनेमा लावायचा, टायटल्सवर थांबवायचं आणि छायाचित्रण, संकलन, कला, वेशभूषा, सगळी नावं उतरवून घ्यायची. परदेशात बसून मराठी सिनेमासाठी काय करता येईल असं वाटत असतं, त्यात हे हाताला लागलंय आणि ते मनापासून करतोय. ज्या संकलकाने आयुष्यभर काम केलं त्याच्या नावावर नेटवर एकच सिनेमा दिसावा हे बघवत नाही. तुमच्याकडे जुन्या व्हीसीडी असतील तर त्यांची कव्हरं टाकून देऊ नका, त्यावर साल आणि नावं असतात.

रकाना_क:

लेटरबॉक्सड चालेल पण एक्सपोर्ट घेत जा! सेटिंग्जमध्ये सोय आहे, सीएसव्ही फाइल (शीटमध्ये उघडता येणारी साध्या मजकुराची यादी) मिळते. आयएमडीबीवरून पण आपलं रेटिंग उतरवून घेता येतं. दर तीन महिन्यांनी एकदा. साइट कितीही मोठी असली तरी ती आपल्या घरातलं कपाट नाही. आयएमडीबीचे चर्चेचे बोर्ड फेब्रुवारी २०१७ मध्ये बंद झाले, दोनेक आठवड्यांची नोटीस, लोकांनी वर्षानुवर्षं लिहिलेलं सगळं त्याबरोबर गेलं.

ती सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडू नका, देवनागरीचे किडे-मकोडे होतात. डेटा मेनूतून टेक्स्ट/सीएसव्ही इंपोर्ट निवडायचं आणि तिथे युनिकोड यूटीएफ-८ करायचं. गूगल शीटमध्ये घातली तर हा त्रास नाही.

शेवटची_रांग:

सातासमुद्रापार, हे काम फार मोलाचं आहे. माझ्याकडे कव्हरं आहेत, व्हीसीडी बिघडल्या पण कव्हरं ठेवली. फोटो पाठवतो.

तिकिटाचा_तुकडा:

खिडकीची_सीट, अजून एक सुचवते आणि थांबते. नुसती नोंद ठेवण्याबरोबर वर्षाला एक छोटा धागा धर, म्हणजे त्या वर्षाच्या वहीला चेहरा येतो. एकदा मी राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेले मराठी सिनेमे ओळीने बघितले. पहिल्याच वर्षी श्यामची आई, मग जवळजवळ पन्नास वर्षं काहीच नाही, मग २००३ च्या पुरस्कारांत श्वास, आणि त्यानंतर धडाधड २०११ ला देऊळ (ब्यारी सिनेमाबरोबर विभागून), २०१४ ला कोर्ट, २०१६ ला कासव. हे पाच एकापाठोपाठ बघितल्यावर एक जाणवलं की श्वासमधलं हॉस्पिटल, कोर्टमधली कोर्टरूम, देऊळमधली ग्रामपंचायत, यात माणसं सतत कुणाच्या तरी टेबलासमोर उभी आहेत, सही नाहीतर शिक्का मिळायची वाट बघत. वेगवेगळ्या वर्षी बघितले होते तेव्हा हे अजिबात दिसलं नव्हतं. वहीत उजव्या पानांवर ओळीने "टेबल", "परत टेबल" असं लिहिलं गेलं तेव्हा दिसलं.

दुसऱ्या एका वर्षी बायकांनी दिग्दर्शित केलेले धरले, सुमित्रा भाव्यांपासून सुरुवात करून. त्या वर्षाची वही मी कुणाला वाचायला दिली तर तीच देते.

खिडकीची_सीट:

बाप रे, टेबल! परत बघणार आता.

धागा कुठला धरू याचा विचार करते. बहुतेक पाणी. धरण, नदी, विहीर, पूर, जिथे जिथे पाणी आहे ते. बगळेवाला पण त्यातच सापडला तर सोन्याहून पिवळं.

सहज_सुचलं:

थोडं विषयांतर, पण नाटकांची नोंद कुणी ठेवतं का? सिनेमा निदान परत बघता तरी येतो.

तिकिटाचा_तुकडा:

ठेवते ना. त्याला वेगळी वही. नाट्यगृह, प्रयोग कितवा ते (पेपरातल्या जाहिरातीत छापलेलं असतं, नसेल तर बुकिंग खिडकीवर विचारायचं), आणि त्या दिवशी कुठल्या भूमिकेत कोण होतं ते न चुकता, कारण कलाकार बदलतात आणि वर्षभराने तेच नाटक वेगळं असतं. सिनेमाला जे साल, ते नाटकाला प्रयोगाचा नंबर. तुम्ही यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहिते.